काटा

बोगमाळ्याच्या वाळूवर, सकाळी साडेसहाला,
मी आधी कार्ड बघत नाही.
कार्डावर फोटो असतो, कोरड्या केसांचा.
मी बघतो माणूस सिलिंडर उचलतो कसा,
गुडघ्यातून की कमरेतून,
आणि काईतान बोट ओढायला लागला
की याचा हात कशाला लागतो,
बोटीला की मोबाईलला.

आज दोघं आहेत.
पराशर बिवलकर, ठाण्याहून. लॉगबुक कातडी बांधणीचं,
एकशे चौदा बुड्या,
देशोदेशीचे शिक्के, शार्कचे शिक्के,
एका पानावर कासवसुद्धा.
सुलक्षा तळावलीकर, फोंड्याची, पंचायतीत कारकून.
शाळकरी वही, तपकिरी कागदाचं कव्हर, तेवीस बुड्या.
सतराव्या पानावर निळ्या शाईत:
कान उतरेना. तीन मीटरवरून परत. बरं केलं.

दोघांनाही बाहेरचं जहाज हवंय.
सव्वीस मीटर. तिथं पाणी उरलेल्या चहासारखं,
हात लांब केला की बोटं दुसऱ्या कुणाची वाटतात,
आणि ओहोटी लागली की नांगराच्या दोराला धरलेला माणूस
वाळत घातलेल्या लेंग्यासारखा फडफडतो.

म्हणून आधी उथळात. सहा मीटर.
मास्क काढा, अशी खूण करतो.
पराशर काढतो, झटक्यात, जादूगारासारखा,
आणि परत घालतो. चूक काही नाही.
पण तेवढ्यात पायांनी अशी माती उडवली
की एक खेकडा घर सोडून गेला.
बुडबुडे दाट, घाईचे,
भात उतू जाताना झाकण ढकलतात तसे.

सुलक्षानं आधी डोळे मिटले.
एक श्वास. मग काढला.
नाकात पाणी गेलं असावं, कारण ती थांबली.
थांबली म्हणजे नुसती थांबली,
तिला कुठं जायचं नव्हतं.

वर आल्यावर पराशर म्हणतो, चौदा वर्षं करतोय सर.
मी मान हलवतो.
वर्षं मोजून मीही एकदा होकार दिला होता एकाला.
तो आहे, बरा आहे. दर नाताळला फोन करतो,
उजव्याच कानाला लावून.

बोट सुटते. मी यादी म्हणतो,
बावीस वर्षं म्हणतोय,
पाठ झालेली आरती म्हणावी तशी:
जॅकेट, वजनं, बकल, हवा.
पराशर अंगठा दाखवतो, सगळं ठीक म्हणून.
पाण्याखाली त्याचा अर्थ होतो, वर चला.

सुलक्षा सरकत माझ्यासमोर येते.
सर, तुमचं बघू?
हे मला कुणी विचारत नाही.
माझं गेज हातात घेते. श्वास घ्या.
घेतो.
परत घ्या.
काटा हलतोय, सर.

दोनशेवरून एकशे साठ. परत दोनशे.
सिलिंडरची चावी जेमतेम उघडलेली.
मीच उघडली होती, या हातानं,
काईतानशी डिझेलचा हिशेब बोलता बोलता.
इथं वर तेवढ्यावर भागतं.
सव्वीस मीटरवर भागलं नसतं.

काईताननं इंजिन बंद केलं.
एरवी कशालाही हसणारा माणूस, हसला नाही.
तिनं माझ्या पाठीमागे जाऊन चावी फिरवली,
दोनदा चाचपली, पुढे आली.
श्वास घ्या.
काटा गप्प.

पात्रांव, वचूं? काईताननं विचारलं.
मी म्हटलं, आतल्या खडकावर. बारा मीटर. सगळेच.
पराशर म्हणाला, का? पाणी तर बरं दिसतंय.
पाण्याचं काही नाही, मी म्हटलं, माझं आहे,
आणि काय झालं ते सांगितलं.
बिचाऱ्याला पुढे काय बोलावं कळेना.
त्यानं आपलं गेज उचललं, श्वास घेतला, बघितलं.
दिवसभरात पहिल्यांदा.

दुपारी सहीसाठी वह्या आल्या.
तिची: चोविसावी. बारा मीटर. दोन सिंहमासे. जहाज नंतर.
काट्याचं काहीच नव्हतं.
ते मी खाली लिहिलं, माझ्या अक्षरात,
मग सही केली.